वाढपी शेवटी जेवतो

मनवानं जेवताना करणच्या दंडाला चावा घेतला गुरुवारी, आणि शुक्रवारी सकाळी करणचे आजोबा कानिफनाथ अंगणवाडीच्या दारात हजर.

"उद्या पालकसभा हाय. एकतर ती पोरगी ऱ्हाईल, न्हाईतर आमची सतरा पोरं. तुमी ठरवा, बाई."

एवढं बोलून म्हातारा तरातरा निघाला. चप्पल विसरला म्हणून परत आला, ती घातली आणि पुन्हा तितक्याच रागानं गेला.

रोझीबाई चौदा वर्षं श्रीरामपूरजवळच्या या वस्तीवर अंगणवाडी चालवत होत्या. मनवा पाच वर्षांची. तिची आई अंबिका रोज कांदा निवडायच्या कामाला जायची. अंगणवाडीतून काढली तर पोरगी दिवसभर बाहेरून कडी लावलेल्या खोलीत राहणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. गेल्या वर्षी ती तशीच राहत होती, आणि कडी काढून तिला आणली होती ती बाईंनीच.

बरं, उपाय केले नव्हते असंही नाही. तालुक्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. मुलांना थांबायला शिकवा, त्यांना आपल्या रागाचं नाव सांगता आलं पाहिजे, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं आणि चहा उशिरा आला म्हणून चहावाल्याला फैलावर घेतलं. रोझीबाईंनी परत येऊन कोपऱ्यात सतरंजी टाकली. राग आला की तिथं बसायचं आणि तोंडानं सांगायचं. पहिल्याच दिवशी अकरा पोरांना एकदम राग आला, कारण सतरंजी पंख्याखाली होती. मनवा मात्र तिकडं फिरकली नाही. तिला सांगण्यापेक्षा चावणं सोपं पडायचं. खरं सांगायचं तर बाईंचाही हात दोनदा वर गेला होता, तो त्यांनी कसाबसा खाली आणला.

शुक्रवारी दुपारी मनवानं पुन्हा शेजारच्या ताटात हात घातला, तेव्हा बाईंना त्यांचे वडील आठवले. शलमोनअण्णा नाताळच्या जेवणावळीत वाढायला असायचे. पंगतीत कुणी 'त्याला जास्त, मला कमी' म्हणून भांडायला लागला, की अण्णा मुकाट्यानं बादली त्याच्याच हातात द्यायचे. वाढपी शेवटी जेवतो. आणि वाढपी 'चालू द्या' म्हणेपर्यंत कुणी घासाला हात लावायचा नाही.

बाईंनी अण्णांचे दोन्ही नियम पोरांना सांगितले आणि खिचडीचा डाव मनवाच्या हातात दिला.

"चोराच्या हातात किल्ल्या देताय," मदतनीस बनुबाई म्हणाल्या.

त्या दिवशी मनवानं पातेल्यात दोनदा बोटं घातली. चावली कुणाला नाही.

शनिवारी आईबाप भिंतीकडेला उभे राहिले. कानिफनाथ म्हणाले, "आधी पोरांना काय खायला घालता ते बघू," आणि सरळ पंगतीत बसले. बनुबाईंचं माप हजेरीवर असायचं, जितकी पोरं तितके डाव. पण कुणाला वाढायचं म्हणाल तर, पंगतीत बसलेल्याला, एवढंच मनवाला सांगितलेलं. तिनं आजोबांनाही वाढलं.

मग तिनं स्वतःसाठी पातेल्यात डाव घातला. तो रिकाम्या तळाला नुसता खरवडला. तिनं पुन्हा खरवडलं. मग तिनं वर बघितलं. सगळ्यात जवळ करणचं ताट होतं.

रोझीबाईंचा जीव टांगणीला लागला. एक चावा, की संपलं सगळं.

मनवानं डाव खाली ठेवला, सतरंजीवर जाऊन बसली आणि ओरडली, "मला राग आलाय! लई! कुनी जवळ येऊ नका, चावीन!"

कुणी गेलं नाही. सतरा पोरं हात मांडीवर ठेवून बसून राहिली. कानिफनाथांचा तिसरा घास चालू होता.

"आबा," करण म्हणाला, "तिनं अजून सांगितलं न्हाई."

"मंग सांग म्हनावं की. ती का जेवत न्हाई?"

"काय जेवंल?" बनुबाई म्हणाल्या. त्यांना गोड बोलायची सवय नव्हती. "तिचा डाव तुमच्या ताटात हाय."

म्हाताऱ्याचं तोंड भरलेलं होतं, तसंच राहिलं.

सतरंजीवरून मनवानं नाक पुसलं. "चालू द्या," ती म्हणाली. पोरं तुटून पडली.

बनुबाईंनी दुसरी खिचडी टाकली. कानिफनाथ ताट सारून उठले, दारापर्यंत गेले, परत फिरले. सभेचं कुणी नावच काढेना. शेवटी ते सतरंजीपाशी येऊन उभे राहिले.

"आबा, राग आलाय का?" मनवानं विचारलं.

"न्हाई गं."

"मग काय आलंय?"

मनवा थोडी सरकली, तिनं जागा करून दिली. "हितं बसून सांगायचं असतं."

ते गुडघे धरत खाली बसले. बराच वेळ त्यांना ते नाव सापडेना.

"लाज वाटली," ते म्हणाले.

मनवानं थोडा विचार केला. "मग चावायचं न्हाई," ती म्हणाली. "थांबायचं."

खिचडी व्हायला अर्धा तास लागला. दोघंही थांबले.