नव्वद मिनिटांतली गाठ

० मिनिटं

अलकापुरीतल्या हॉस्पिटलात मृदुलामावशीच्या गर्भाशयातली गाठ बाहेर आली. मोसंबीएवढी. कॅन्सरची नाही, साधा फायब्रॉइड. मोठा भाग तपासणीला गेला. एक तुकडा, मावशीनं आधीच सही दिल्याप्रमाणे, माझ्या नळीत. नळी बर्फाच्या डब्यात. डबा विश्वंभरकाकांच्या हातात. ते मावशीचे यजमान.

मी फतेगंजला, प्रयोगशाळेत.

मला काय हवं

त्या तुकड्यातल्या प्रतिकारपेशी. जिवंत. एरवी त्या कचरा गिळतात, जखमा भरतात. गाठीत शिरल्या की मात्र गाठीलाच वाढायला हात देतात, असा आमचा संशय आहे. मेलेल्या पेशींना काय विचारणार? नऊ नमुने झालेत, हा दहावा. माझी फेलोशिप मार्चमध्ये संपते. तुकडा नव्वद मिनिटांत यायला हवा.

१४ मिनिटं

"काका, निघालात?"

"निघतोच. शेजारच्या ऊर्मिलाबेन आल्यात बघायला."

"मावशीला?"

"गाठीला."

आमच्याकडे काढलेली गाठ ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवतात. डोळ्यांनी बघितल्याशिवाय ऑपरेशन झालं असं कुणी मानत नाही. ट्रे तपासणीला आत गेला होता. बघायला राहिला फक्त माझा डबा.

३१ मिनिटं (हे मला मागाहून कळलं)

काका तीस वर्षं रिफायनरीत, सेफ्टी विभागात. नळीचं झाकण त्यांनी कुणालाही उघडू दिलं नाही. नळी मात्र बर्फातून निघाली आणि हातोहात फिरली. ऊर्मिलाबेन, त्यांची सून, माधवमामा, रावपुऱ्याहून आलेल्या कुसुमावतीबाई.

"बस, आटलुंज? एवढीच?" ऊर्मिलाबेन म्हणाल्या.

"मोठी आत आहे," काका म्हणाले. जरा कमीपणा आल्यासारखे.

५० मिनिटं

मी पाणी प्यायले.

पुन्हा प्यायले.

७३ मिनिटं

रिक्षा. काका धापा टाकत जिन्यावर. नळी हातात घेतली, गार नव्हती.

"बर्फातच होती ना?"

"बहुतेक वेळ."

सेफ्टीवाल्या माणसाच्या तोंडून "बहुतेक" आलं की पुढचं विचारू नये. विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, एकेकाच्या नावासकट, मान खाली घालून.

"तू रागावलीस."

"नंतर रागावेन. आधी कापू दे."

तुकड्याचे तुकडे. त्यांवर पेशी सुट्या करणारं द्रावण. मग वाट. काका स्टुलावर, हात मांडीवर, कशालाही न शिवता.

१४० मिनिटं

एक थेंब, त्यात निळा रंग. मेलेली पेशी निळी होते. जिवंत पेशी रंग आत घेत नाही. शंभरातल्या तीसपेक्षा जास्त निळ्या निघाल्या तर नमुना फेकायचा.

मोजल्या. अठरा.

विश्वास बसेना. दुसरा थेंब. सोळा.

"मोहना, बोल काहीतरी."

मी उठले, त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"ह्या निळ्या?"

"गेलेल्या."

"आणि ह्या चमकणाऱ्या?"

"मावशीच्या. जिवंत."

ते बराच वेळ डोळा काढेनात. मग म्हणाले, "चार जणांनी हाताळूनही?"

"चार जणांनी हाताळूनही."

काकांनी फोन लावला. "ऊर्मिलाबेन, जीवे छे." पलीकडून काहीतरी मोठ्यानं. "ना, ना. गाठ. मृदुला तर केव्हाची चहा मागतेय."