टॅपेट कव्हरचं पॅकिंग

टण्ण करून बोल्ट चहाच्या ट्रेमध्ये पडला. शुक्रवारचं जेवण करून निजलेली गल्ली त्या आवाजानं कूस बदलते की काय, असं इनासला वाटलं. गल्ली नाही, पण सासूबाई जाग्या झाल्या आणि बाल्कनीतून वाकल्या.

"इंजिनात भेंडी शिजायला घातलीस का गं?"

"निजा तुम्ही. वास सुटला की हाक मारते."

गाडीच्या बॅटरीला टेकवलेल्या फोनमधून तिचा नवरा सफवत हसला. कुवेतहून चित्र सारखं अडकत होतं, म्हणून नुसता आवाज चालू होता.

"मी ईदला येऊन करणारच होतो ना," तो म्हणाला.

"तोवर गाडीनं पुलावर पेट घेतला असता. परवा शहदला शाळेतून आणताना केवढा धूर. मागचा टांगेवालासुद्धा नाक दाबून पुढे गेला."

तिनं इंजिनावरचं टॅपेट कव्हर उचललं. तेल अडवणारं जुनं पॅकिंग वाळक्या भाकरीसारखं कडक झालं होतं. ओढताच तुकडे पडले. खाचेतली राड तिनं लाकडी चमच्याच्या दांड्यानं खरवडली, फडक्यानं कडा पुसून घेतल्या. नवं पॅकिंग बोटानं दाबत दाबत बसवलं, शहदच्या फ्रॉकला लेस लावताना दाबते तसं. सहा वर्षांची शहद ट्रे धरून शेजारी उभी होती आणि मागितला की एकेक बोल्ट हातावर ठेवत होती.

पाना किरकिरला.

"कोपऱ्यातून सुरुवात केलीस ना?"

इनासचा हात थांबला. "तुला दिसतंय का?"

"दिसायला कशाला हवं? चादरसुद्धा कोपऱ्यातूनच ओढतेस. सैल कर. आधी मधले, मग बाहेरचे. आणि जोर लावू नकोस, कव्हर तडकेल."

तिनं सैल केला. मधले आवळले, मग बाहेरचे. मान खाली घालून ती बराच वेळ हसत होती.

तेल भरून तिनं गाडी सुरू केली. इंजिन तापू दिलं. मग सफवतनं घसा साफ केला.

"साहेब म्हणतायत, ईदला इथंच थांब. सगळ्यांना एकदम सोडता येत नाही. मी म्हटलं, घरी गाडी बंद आहे, बायको एकटी आहे, जायलाच हवं." तो थांबला. "बघ बरं, तेल गळतंय का कुठे?"

इनासनं पांढरा कागद घेतला आणि कव्हरच्या कडेनं सावकाश फिरवला. पुढून, मागून, खाली पाइपाकडे. उलटसुलट करून पाहिला. तेलाचा डबा उघडाच होता, तिच्या कोपराशी. त्याच्या तोंडावर एक थेंब लोंबत होता.

"इनास?"

तिनं डब्याचं झाकण लावलं. एवढ्या निगुतीनं बसवलेल्या पॅकिंगवर तिला खोटा आळ घेववेना.

"कोरडं आहे."

"नक्की?"

"ठणठणीत कोरडं."

"शाब्बास, उस्ता, पक्की मिस्त्री झालीस. इथं मला कोणी उस्ता म्हणत नाही." आवाज हसरा होता, मग थोडा खाली आला. "मग थांबतो म्हणून कळवू?"

"कळव."

"तुला चालेल ना?"

"गाडी चालतेय," इनास म्हणाली. "सांभाळून राहा. जेवत जा."

फोन बंद झाल्यावर तिनं बोनेट अलगद खाली आणलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबून बसवलं. तळवे तसेच राहिले. पत्रा कोमट होता.

शहदनं तिच्या हातातून कागद काढून घेतला. उजेडाकडे धरून पाहिला, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं.

"आई, यावर एक थेंब आला असता, तर बाबा आले असते?"