चुकलेली चाल

जावई हसिदांच्या, गाण्यानाचण्यात देव शोधणाऱ्या त्या नव्या ज्यू पंथाच्या, घोळक्यात जातो, याबद्दल फिशलला तिळमात्र शंका नव्हती. हवा होता तो पुरावा. तो स्वतः प्रार्थनाघरात प्रार्थना सांगणारा, एकेक शब्द तोलून म्हणणारा. आणि हे नवे भक्त! शब्द नाही, अर्थ नाही, नुसतं आय-आय-आय. देव काय पाळण्यातलं पोर आहे?

शुक्रवारी त्यानं मुलीला हटकलं. "तुझा झेलिग शब्बाथच्या, शनिवारच्या संध्याकाळी जातो कुठं?"

"बेकरीवाला आजारी आहे ना, त्याला स्तोत्रं वाचून दाखवायला," मिर्ल म्हणाली.

"तो आजारी परवा बाजारात घोड्याचा भाव करत होता."

मिर्लची सुरी कोबीवरच थांबली.

"हसिदांकडं सापडला, की काडीमोड. मग माझ्यापुढं रडू नकोस."

दुसऱ्या दिवशी अंधारायला लागल्यावर फिशल हसिदांच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिला. आत पाव आणि खारा मासा चालला होता, मेजावर मुठी आपटत होत्या. मग गाणं सुरू झालं. डाळीतले खडे निवडावेत तसे त्यानं आवाज निवडले आणि झेलिगचा सापडला. शहाणा सगळ्यांच्या पुढं गात होता.

झालं, काम फत्ते. पण फिशलचा पाय निघेना. ही चाल त्याच्या घरातली होती. ब्रायना, त्याची बायको, बदकं सोलताना गुणगुणायची ती. ती गेल्यावर घरात कुणी गुणगुणायचं नाही, असं त्यानंच बजावलं होतं. झेलिगनं तर सासूला पाहिलंही नव्हतं. म्हणजे मिर्लनं शिकवली. बापापासून चोरून पोरीनं आईची चाल जपली होती. जावयाच्या थापेपेक्षा हे त्याला जास्त लागलं.

त्यात गाढवं चुकीचं गात होती. दुसऱ्या वळणावर चाल खाली उतरते, हे वर चढत होते. एकदा त्यानं सोसलं. पुन्हा आलं तेव्हा दाढी चावली. तिसऱ्यांदा मात्र त्याच्याच गळ्यातून ती ओळ बाहेर पडली, खणखणीत.

आतलं गाणं थांबलं. दार उघडून झेलिग बाहेर आला, पांढराफटक.

"बाबा... तिथलं मिर्लला आठवत नाही. मी आपलं अंदाजानं बसवलं."

फिशल खिडकीपासून बाजूला झाला.

"मग उद्या काडीमोडासाठी जायचं ना?" झेलिगनं विचारलं.

"आधी परत म्हण," फिशल म्हणाला. "आणि तिथं घाई करू नकोस. ब्रायना तिथं श्वास घ्यायची."