सिंहोबाचा कौल

वेसाव्याच्या सोनूबाईच्या सासऱ्याच्या जाळ्यात कधीकाळी एक लाकडी सिंह अडकून आला होता. त्याला शेंदूर फासला, घुमटी बांधली, झाला सिंहोबा. आणि आता सदुसष्ट साली एक लालबुंद डच साहेब येऊन सांगत होता, की हा आमच्या बुडालेल्या लढाऊ जहाजाच्या नाकावरचा सिंह, परत द्या.

"देवाला विचार म्हणावं," सोनूबाई पुतण्यावर, विमानतळावर इंग्रजी शिकलेल्या तुळशीदासवर, गुरकावली. "उजवं फूल पडलं तर नेऊ दे. डावं पडलं तर चालता हो म्हणावं."

देवाला दोन्हीकडे फुलं चिकटवली. साहेबाने गुडघे टेकून सिंहोबाच्या कानात चक्क डच भाषेत गाऱ्हाणं घातलं. सोनूबाईने कपाळाला हात लावला. मेला, हा तर देवाचा गाववाला! मायबोली ऐकून देव विरघळला तर? इतकी वर्षं तळलेले बोंबील चारले, ते सगळे पाण्यात!

टपकन फूल पडलं. डावं!

"पण का?" साहेब रडवेला झाला.

सोनूबाईने पदर खोचला. "तुळश्या, सांग त्याला. एकदा बुडवलात ना? परत तुमच्या बोटीवर बसायला देव काय खुळा हाय?"