दगडावरचं जन्मगाव

पोलंडच्या व्रोत्सुआफ शहरातल्या आमच्या इमारतीवर पाटी लावायची तर तितुसची सही लागते. एकोणीस वर्षं तो रहिवासी मंडळाचा बिनविरोध अध्यक्ष आहे, कारण ते काम दुसऱ्या कुणालाच नको आहे. मी चिटणीस, त्याच कारणाने.

सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी लंडनहून ज्युडिथबाई पितळी पाटी घेऊन आल्या. त्यांची आई या घरात जन्मली आणि लहानपणीच नाझींपासून जीव वाचवायला इंग्लंडला गेली. आता चौऱ्याण्णव वर्षांची ती म्हातारी पाटीच्या फोटोची वाट बघत होती. बाईंचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

पाटीवर इंग्रजीत आईचं नाव आणि खाली "जन्म ब्रेस्लाऊ, १९३१".

"हे गावाचं जुनं जर्मन नाव," तितुस म्हणाला. "युद्धानंतर हे व्रोत्सुआफ झालं. बदलून आणा."

तिसऱ्या मजल्यावरची युक्रेनची ओक्साना दुभाषी होती. "आजोबा, त्या म्हणतात, आईच्या जन्मदाखल्यावर हेच आहे."

"दाखला गेला चुलीत. आज गावात जे राहतात, ते म्हणतील ते नाव!"

सणाआधी थडगी घासायची असतात. मी म्हटलं, चला दफनभूमीत, बाईंनाही घेऊ.

तितुसच्या बायकोच्या थडग्यावर तिच्या नावाशेजारी त्याचंही नाव कोरून तयार आहे. मृत्यूच्या तारखेची जागा तेवढी कोरी. आमच्याकडे असंच करतात. कारागीर एकदाच बोलवायचा. तितुसने ब्रश मारला, तशी अक्षरं उजळली.

ओक्सानाने मोठ्याने वाचलं, "जन्म ल्वूफ, १९३६. हे कुठं आलं, आजोबा? मी तिथलीच, आता ते युक्रेनमध्ये आहे. आज आम्ही राहतो, आम्ही ल्विव म्हणतो. छिन्नी आणू?"

"हात तर लावून बघ! आईने मला पोलंडमधल्या ल्वूफमध्ये जन्म दिलाय, ल्विवमध्ये नाही!"

ज्युडिथबाईंना पोलिश कळत नव्हतं. त्या पाटी छातीशी धरून उभ्या होत्या. तितुसने त्यांच्याकडे पाहिलं, मग दगडाकडे. बराच वेळ तो एकच अक्षर घासत राहिला.

"स्क्रू आणलेत का, विचार त्यांना," तो शेवटी ओक्सानाला म्हणाला.

उजेड जायच्या आत इमारतीवर पाटी लागली. थडग्याच्याच ब्रशने त्याने ती पुसली. पाटीशेजारी तितुस असलेला फोटो गेल्याबरोबर लंडनहून फोन आला.

"बाईंची आई विचारतेय," ओक्साना म्हणाली, "ब्रश घेतलेला हा म्हातारा कोण?"

"अध्यक्ष म्हणावं!"

मग त्याने परवानगीच्या कागदावर सही केली. खाली ठिकाण लिहिलं, व्रोत्सुआफ. दोनदा गिरवून.