दिसत नाही, हाच माझा गुण

मी एक पिस्तूल बोलतोय. दचकू नका, सध्या माझं पोट रिकामं आहे. केंटकीच्या डोंगरातल्या एका बंदुकीच्या दुकानात, काचेच्या कपाटात मी पडून आहे. गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी बांधली आहे: 'जवळजवळ नवं. सहज लपतं.' त्यातल्या शेवटच्या दोन शब्दांनी माझ्या जन्माचं वाटोळं केलं. आज ते बोलून टाकणार आहे.

मोठ्या पिस्तुलांना गिऱ्हाईक विचारतं, नेम कसा आहे? मला विचारतं, शर्टाखाली दिसतोस का? कारखान्यात मला घडवतानाही सगळ्यांना हीच काळजी होती. नळी तीन इंच, बस्स. जाडी जेमतेम एक इंच, म्हणून गोळ्या एकावर एक आणि त्याही सहाच. कपड्यात अडकू नये म्हणून घोडा आत दडवला, कडा घासून गोल केल्या. कपड्यातून सगळ्यात आधी मूठ डोकावते, म्हणून ती तर निर्दयपणे छाटली. अंग प्लास्टिकचं, हलकं. कमरेला लावलं तर आहे की नाही कळू नये इतकं हलकं.

लोकांना आखूडशिंगी, बहुदुधी गाय हवी असते. पण पांघरूण आखूड असलं की डोकं झाकावं तर पाय उघडे पडतात. अंग हलकं, म्हणून गोळी सुटली की मी हातात लाथ मारतो. लांबी कमी, म्हणून आतली स्प्रिंग ताठ, आणि माझा वरचा भाग मागे ओढायला मनगटात जोर लागतो. मूठ तोकडी, म्हणून धरणाऱ्याची करंगळी खाली लोंबकळते. हे सगळं दुकानदाराला ठाऊक असतं, पण तो सांगेल तर शपथ.

मला विकत घेतलं ते हर्शेलने, आपल्या विधवा भावजयीसाठी. तिचं नाव लोरीन. साठी उलटलेली. गावोगावच्या म्हाताऱ्या आजाऱ्यांना घरी जाऊन अंघोळ घालायची, औषधं द्यायची, हे तिचं काम. त्या औषधांतल्या नशा आणणाऱ्या गोळ्यांसाठी कुणीतरी तिच्या गाडीची काच फोडली होती, आणि एकदा पेट्रोल पंपापासून एक माणूस तिच्या मागे मागे आला होता. तिची भीती खोटी नव्हती, एवढं मी कबूल करतो.

"वहिनीसाठी पाहिजे," शेजारी उभ्या लोरीनकडे बोट दाखवून हर्शेल म्हणाला. "बायकांना झेपेल असं."

"मग हेच न्या की!" दुकानदाराने मला उचललं. "लहान हाताला लहान पिस्तूल. पर्समध्ये लिपस्टिकशेजारी बसेल."

मला ओरडावंसं वाटत होतं. अरे बाबांनो, शेजारचं ते जाडजूड पिस्तूल द्या तिला! ते वजनदार आहे, शांत आहे, लाथ मारत नाही. तीस वर्षं माणसं उचलून तिच्या बोटांचे सांधे सुजलेत, ते तरी बघा! पण त्या दोघांनी तिच्या हातांकडे पाहिलंच नाही. इथले सगळे बाप्ये हीच चूक करतात. बाई दिसली की सगळ्यात लहान पिस्तूल पुढे सरकवतात.

दुसऱ्या दिवशी जुन्या खाणीत सराव झाला. लोरीनने माझा वरचा भाग मागे ओढून पाहिला. हलेना.

"हर्शेल, हे गंजलंय का रे?"

"गंजतंय कशाला? जोर लाव वहिनी. लोणच्याची बरणी उघडतेस ना, तसा."

"बरणी मी तुझ्याकडूनच उघडून घेते, मेल्या."

शेवटी हर्शेलनेच गोळी आत चढवली. तिने दोन बार काढले. समोरचा डबा जिथल्या तिथे, आणि तिच्या अंगठ्याजवळची कातडी सोललेली. ती मनगट धरून मटकन खाली बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता असं कर," हर्शेल म्हणाला, "गोळी आतच राहू दे. तुला ओढता येत नाही, तर ऐनवेळी काय करशील?"

म्हणजे तिला मला भरता येत नव्हतं, आणि रिकामंही करता येत नव्हतं. तेव्हापासून मी सदैव भरलेलाच. शहाणपणाचा केवढा हा कळस!

लोरीनच्या मुलीचं नाव तान्या. ती किराणा दुकानात कामाला होती, म्हणून तिची सहा वर्षांची हॅडली शाळा सुटल्यावर आजीकडे असायची. लोरीनचा दिवस खरा सुरू व्हायचा तो हॅडलीची बस दारात थांबली की. तान्याने मला पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्यांशेजारी पाहिलं, आणि ती तिथल्या तिथे म्हणाली, "आई, एकदाच सांगते. हे जर कधी हॅडलीच्या हाताला लागलं, तर ती या घरात पाऊल टाकणार नाही."

"नाही ग लागणार. अंगावरच ठेवेन मी, क्षणभर दूर करणार नाही."

आणि तिने शब्द पाळला, हे सांगायलाच हवं. मी तिच्या कमरेला, कपड्याआतल्या म्यानात गेलो. तिने दोन मापं मोठे शर्ट घेतले. सकाळी ती आरशासमोर उभी राहायची आणि सुट्टीच्या दिवशी हॅडली पलंगावर बसून बघायची.

"आजी, उजवीकडे फुगलंय."

"आता?"

"जरा वाक. हं, आता नाही दिसत."

"शहाणी माझी बाय. याला हात लावायचा नाही. आणि कुणाला दाखवायचं नाही, सांगायचं नाही. कळलं?"

"कळलं."

त्या पोरीने तीनपैकी दोन गोष्टी अगदी मनापासून शिकून घेतल्या.

रविवारी तान्या-हॅडलीसकट सगळ्यांनी चर्चला जायचं. तिथे निम्म्या लोकांच्या कमरेला माझे भाऊबंद. सगळ्यांना एकमेकांचं माहीत, पण बोलायचं नाही. मिठी मारताना सगळे डावीकडून मारत, कारण उजवीकडे काहीतरी टणक लागायचं. हर्शेल तर दाराशी पहाऱ्यावर असे. "आत येणाऱ्याकडे एकदा पाहिलं की मला कळतं, कुणाजवळ काय आहे ते," असं तो छाती फुगवून सांगायचा.

त्या रविवारी प्रार्थनेनंतर तळघरात सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. घेवड्याची उसळ, मक्याचा पाव, तळलेलं चिकन, केळ्याचं पुडिंग. जेवणाआधी लोरीन बायकांच्या संडासात गेली. तिथे मला कमरेवर ठेवून बसता येत नाही, आणि खाली ठेवलं तर फरशी ओली. तिने मला भिंतीवरच्या टॉयलेट पेपरच्या डब्यावर ठेवलं. उठली, कपडे सारखे केले, हात धुतले आणि निघून गेली.

जड पिस्तूल असतं तर दोन पावलांत तिला कमर हलकी लागली असती. मी कमरेला होतो तेव्हाही जाणवत नव्हतो, मग नसताना काय जाणवणार? ज्या गुणासाठी मला घेतलं, त्यानेच घात केला. मी डब्यावर पडून राहिलो आणि कुणीतरी मोठं माणूस येऊ दे, एवढंच मनात म्हणत राहिलो.

दार उघडलं. खाली लाल बूट दिसले, लहान.

"अगंबाई! आजीचं राहिलं," हॅडली म्हणाली.

तिने मला उचललं. काय सांगू तुम्हाला? हर्शेलची दोनच बोटं माझ्या मुठीवर मावत होती. लोरीनची करंगळी लोंबकळायची. हॅडलीची मात्र सगळीच्या सगळी बोटं नीट बसली. जन्मात पहिल्यांदा माझी मूठ पुरती भरली होती. एक बोट चापावर टेकलं होतं. गोळी आत होती. माझा चाप जरा घट्ट आहे, एवढंच त्या पोरीचं नशीब.

मग तिने, दर सुट्टीला आजीचं पाहिलं होतं तस्सं, मला कमरेला खोचलं आणि वरून स्वेटर ओढला. टाचा उंचावून आरशात पाहिलं. जरा वाकली. "आता नाही दिसत," असं स्वतःशीच म्हणून ती बाहेर पडली.

पन्नास-साठ माणसांमधून ती सावकाश चालत गेली. तिला तीनजणींनी थांबवून गालगुच्चे घेतले. पास्टरनी डोक्यावर हात ठेवला. जिन्याच्या दाराशी हर्शेल उभा होता.

"काय ग चिमणे, पुडिंग खाल्लंस का?"

"अजून नाही, आजोबा."

"पळ मग, संपेल."

तो हसला, आणि त्याने नजर पुन्हा दाराकडे वळवली.

हॅडली आजीच्या खुर्चीला टेकून उभी राहिली आणि तिच्या कानात म्हणाली, "आजी, तुझं राहिलं होतं. मी आणलं. कुणाला दिसलं नाही."

लोरीनचा चमचा बशीत पडला. ती किंचाळली नाही. एका हाताने पोरीचे दोन्ही हात धरून ठेवले, दुसऱ्याने स्वेटरखालून मला काढलं.  तिने मला गाडीत नेऊन कुलपात घातलं आणि परत आत गेली.

पुढचं मला त्या रात्री घरी हर्शेलशी झालेल्या भांडणातून कळलं. तिने त्याच टेबलाशी तान्याला सगळं सांगून टाकलं होतं. तान्या ताटावरून उठली. मुलीला कडेवर घेऊन निघून गेली.

"कशाला सांगितलंस, वहिनी?" हर्शेल चिडला होता. "काही झालं का? नाही ना? कुणाला कळलंही नसतं."

"तेच तर," लोरीन म्हणाली. "तू दारात उभा होतास, हर्शेल."

 मोठी नजर म्हणे!

अकरा दिवस शाळेची बस दारात न थांबता पुढे गेली. बाराव्या दिवशी लोरीन मला घेऊन या दुकानात आली. आतली गोळीही दुकानदारानेच काढली.

"यात काही खोड आहे का?" त्याने विचारलं.

"आहे. कुणाला दिसत नाही."

तो खो खो हसला, आणि त्याने तेच माझ्या चिठ्ठीवर लिहिलं. सहज लपतं.

"पावती द्या," ती म्हणाली. "मुलीला दाखवायची आहे." तिने ती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि गेली. हॅडली तिच्याकडे परत आली की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. काचेच्या कपाटात कोण सांगायला येतंय!

आज सकाळी एक भला माणूस आला होता. बायकोसाठी काहीतरी छोटंसं हवं म्हणाला. मला हातात घेऊन, दोन बोटांत धरून तो खूश झाला. "वा! अंगावर आहे हे कळणारही नाही." उद्या येतो म्हणालाय.

दादा, उद्या याल तेव्हा माझी मूठ एकदा नीट बघा. ती तुमच्या मापाची नाही आणि तुमच्या बायकोच्याही मापाची नाही. कुणाच्या मापाची आहे, ते मला माहीत आहे. आणि घरी मूल आहे का, हे इथे तुम्हाला कुणीही विचारणार नाही.