शेवटचं रीळ

जगातला सर्वांत थोर चित्रपट येरमाळ्याच्या जत्रेत लागून गेला होता, आणि त्याचा एकमेव जाणकार सकाळी दूध सोसायटीत माप धरून उभा असे. जाणकाराचं नाव ज्ञानोबा. त्या संध्याकाळी शेजारच्या तंबूत दरोडेखोरांचा पिक्चर असल्यामुळे थोर चित्रपटाला प्रेक्षक म्हणून ज्ञानोबा, त्याची बायको चांगुणा आणि झोपलेला एक कुल्फीवाला, एवढेच होते.

“पुन्हा तेच सांगू नको,” दूध घालायला आलेला दगडोबा अर्धा लोटा दूध मापात ओतत म्हणाला. “म्हाताऱ्याचा पिक्चर.”

“त्याचा शेवट ऐक.”

“ऐकलाय. म्हाताऱ्यापेक्षा मीच जास्त वेळा उठलोय त्या बाकावरनं.”

यंदाही पाऊस नव्हता. जनावरं आटली होती आणि दूध जसजसं कमी येई तसतसा ज्ञानोबाला बोलायला वेळ जास्त मिळे. कुणी न पाहिलेले, पडलेले, दोन दिवसांत उतरलेले पिक्चर तो लोकांना आग्रहाने सुचवी. टुरिंग टॉकीजचा शंकरप्पा तर हात जोडून म्हणे, माझा पिक्चर चांगला म्हणू नका, लोक येत नाहीत.

पण म्हाताऱ्याच्या पिक्चरची गोष्ट वेगळी होती. बहात्तरच्या दुष्काळात ज्ञानोबा-चांगुणाचा मुलगा व्यंकट पुण्याला कामाला म्हणून गेला, तो परतला नाही आणि त्याची चिठ्ठीही आली नाही. चांगुणा रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन बसे. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. पुढच्या चैत्रात, तिला माणसांत आणावं म्हणून, ज्ञानोबाने तिला जत्रेत नेलं. पडद्यावर एक म्हातारा असाच मुलाची वाट बघत गाडीतळावर बसायचा. शेवटी एका संध्याकाळी तो उठतो, धोतर झटकतो, छत्री मिटतो आणि घराकडे चालू लागतो. तंबूतला दिवा लागला. ज्ञानोबा म्हणाला, “बघ. असं उठायचं असतं.” चांगुणा दुसऱ्या दिवसापासून स्टँडवर गेली नाही. तिने चूल पेटवली. त्या शेवटावर दोघांचा संसार इतकी वर्षं तगून होता. म्हणून ज्ञानोबा तो जगाला सांगत सुटला होता, आणि जगाला गरज नव्हती.

वैशाखात सोसायटीची वार्षिक सभा आली. दूधच नसल्याने सभेला कोणी फिरकणार नव्हतं. चेअरमन आण्णासाहेबांनी सभेनंतर पिक्चर ठेवायचं ठरवलं, तसा ज्ञानोबा त्यांच्या ओट्यावरून हलेना. आण्णासाहेबांनी विचारलं, त्यात मारामारी आहे का? नाही. नाच? नाही. मग आहे काय? ज्ञानोबाने शेवट सांगितला. आण्णासाहेब शेवट ऐकूनच थकले आणि आणा म्हणाले. शंकरप्पाने कुठल्याशा गोदामातून गंजलेले डबे आणले.

दिवेलागणीला सोसायटीच्या अंगणात पडदा लागला. माणसं पोती अंथरून बसली. म्हातारा बसला होता, बसूनच होता. अर्धं अंगण पेंगलं. ज्ञानोबा मशीनजवळ उभा राहून घसा कोरडा होईस्तोवर सांगत होता, आता बघा, जरा दम धरा. अखेर म्हातारा उठला, धोतर झटकलं, छत्री मिटली. रीळ संपलं, दिवा लागला. ज्ञानोबाने डोळे पुसले.

“संपलं,” तो म्हणाला. “आता उठायचं.”

लोक पोती झटकायला लागले.

“ओ, बसा की,” शंकरप्पा मशीनमध्ये फिल्म ओवत म्हणाला. “अजून एक रीळ हाय.”

दिवा गेला. पडद्यावर धूळ उडवत गाडी आली. तीतून सुटाबुटातला मुलगा उतरला आणि ‘बाबा’ म्हणून धावला. म्हाताऱ्याच्या हातातली छत्री गळून पडली. मग लग्न, मग गाणं. अंगण जागं झालं, शिट्ट्या वाजल्या.

“ज्ञानोबा,” दगडोबा ओरडला, “जन्मात पहिल्यांदा चांगला पिक्चर सांगितलास.”

ज्ञानोबाला शिट्ट्या ऐकू येत नव्हत्या. त्याने शंकरप्पाला विचारलं, की हे रीळ जत्रेत का नव्हतं.

“जत्रंत डिझेल कुठं पुरतंय ओ? गिऱ्हाईक नसलं की शेवटचं रीळ आमी डब्यातनं काढतच नव्हतो,” शंकरप्पा म्हणाला. “तक्रार कुणी केली न्हाय.”

घरी जाताना चांगुणा पुढे चालत होती. ज्ञानोबा मागून, जाणकार बोलतात तसं बोलत होता. ते रीळ मागनं जोडलेलं वाटतंय. त्यातला उजेडच निराळा. ते गाणं तर तिथं शोभतच नाही. त्याचा आवाज चिरकायला लागला होता.

चांगुणा थांबली. “पर पोरगं येतंय न्हवं?”

तोही दोन पावलं मागे थांबला.

“आन् तुमी मला उठवून आणलं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने चूल पेटवली नाही. दुपार कलताच ठेवणीतलं लुगडं नेसली आणि स्टँडवर जाऊन बाकाच्या टोकाला बसली. कुणी उतरलं तर टेकायला म्हणून शेजारची जागा तिने पदराने पुसून मोकळी ठेवली होती. ज्ञानोबा छत्री घेऊन मागोमाग आला, तेव्हा उन्हाने तळपाय करपावेत असा फुफाटा होता. तिला उठवायला आलेला तो चौकशीच्या खिडकीपाशी थबकला. तिथल्या फळ्यावरचं त्याने दोनदा वाचलं. मग तो बाकाकडे गेला, तिने पुसलेली जागा सोडून पलीकडे बसला आणि तिच्यावर छत्री धरली.

चांगुणाला वाचता येत नव्हतं. फळ्यावर खडूने लिहिलं होतं: पुण्याहून येणारी सायंकाळची गाडी प्रवाशांअभावी पुढील सूचनेपर्यंत बंद.